तीन दिवसांत टक्कल: डाकोटाची घोडी, एन्शीची गावं आणि आपलं शेगाव

जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातून एक विचित्र बातमी आली. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा काही गावांत माणसांचे केस जात होते. आधी डोकं खाजायचं, मग केस राठ व्हायचे, मग नुसता हात फिरवला तरी मूठभर हातात यायचे आणि तिसऱ्या दिवशी टक्कल. म्हातारे, तरुण, कॉलेजातल्या मुली, लहान पोरं, कुणीच सुटलं नव्हतं. सुरुवातीला पन्नासेक लोकांचा आकडा होता, तो वाढत गेला. नंतर मोजदाद झाली तेव्हा १८ गावांत मिळून २७९ जण निघाले.

आमच्या छत्रपती संभाजीनगरहून शेगाव जालना-चिखली-खामगावमार्गे चार-पाच तासांवर. गुरुवार धरून गजानन महाराजांच्या दर्शनाला जाणारी घरं इथे गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे ही बातमी इकडे लांबची म्हणून कुणी वाचली नाही. तिथलं पाणी प्यायचं का, प्रसाद घ्यायचा का, असे प्रश्न कटिंगच्या दुकानात, रिक्षा स्टँडवर ऐकू यायचे. वाहिन्यांनी तोवर ‘टक्कल व्हायरस’ असं नाव ठेवूनही टाकलं होतं. नाव आधी आणि तपासणी नंतर, हा क्रम आपल्याकडे नवा नाही.

मला या बातमीतला एकच शब्द महत्त्वाचा वाटला होता: तीन दिवस. केस का गेले हे शोधण्याचा जो काही दोन-अडीच हजार वर्षांचा इतिहास आहे, तो बराचसा ‘किती दिवसांत गेले’ आणि ‘कुठून गेले’ या दोन प्रश्नांचा इतिहास आहे. घाटीतल्या त्वचारोगाच्या ओपीडीत आजही केस घेऊन गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न ‘कधीपासून?’ हाच असतो.

वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या उत्तरस्थानात डोक्याच्या रोगांमध्ये केसांची प्रकरणं वेगवेगळी मांडली आहेत. इंद्रलुप्त वेगळं, खलती म्हणजे टक्कल वेगळं आणि पालित्य म्हणजे पिकणं वेगळं. त्याची कारणमीमांसा वात-पित्त-कफाची आहे: पित्त वाताच्या संगतीने रोमकूपात शिरून केस पाडतं आणि मग कफ रक्ताबरोबर येऊन ती छिद्रं बुजवतो, म्हणून नवा केस उगवत नाही. ही मीमांसा आज कुणी शब्दशः घेणार नाही. पण त्याने इंद्रलुप्त आणि खलती यांच्यात जो फरक केला तो अजून टिकून आहे. दोन्हींची उत्पत्ती सारखीच, मात्र खलतीत केस क्रमाक्रमाने जातात, असं तो सांगतो. म्हणजे वेग हे निदानाचं साधन आहे हे त्याला कळलं होतं. आपल्याकडे बोली भाषेत अचानक गोल चकती पडली की ‘चाई लागली’ म्हणतात आणि कपाळ मागे सरकत गेलं की ‘टक्कल पडलं’. हा भेद शिकवायला कुठल्या वैद्याची गरज पडली नाही.

ग्रीकांकडे वेगळं निरीक्षण झालं होतं. लहानपणी खच्चीकरण केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं आहे. पण ‘का?’ याचं उत्तर यायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने शंभरावर पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. वयात येण्याआधीच ज्यांची वृषणं गेली होती किंवा ज्यांच्यात पुरुषी संप्रेरक तयारच झालं नव्हतं, त्यांना टक्कल नव्हतं. अशा काहींना टेस्टोस्टेरॉन दिलं, तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस मागे सरू लागले. औषध थांबवलं की सरकणं थांबलं, पण गेलेले परत आले नाहीत. वारसा आणि संप्रेरक, दोन्ही लागतात हे त्यातून पक्कं झालं. याच हॅमिल्टनने १९५१ मध्ये टकलाच्या पायऱ्या आखल्या आणि १९७५ मध्ये ओटार नॉरवूड या डॉक्टरने हजार पुरुष पाहून त्या सुधारल्या. आज आमच्या जालना रोडवर हेअर ट्रान्सप्लांटच्या ज्या पाट्या दिसतात, त्यांच्या आत गेलात तर भिंतीवर सात डोक्यांचं जे चित्र टांगलेलं असतं ते या दोघांचं. बायकांचं चित्र वेगळं असतं. त्यांचं कपाळ मागे जात नाही, भांग रुंदावत जातो. ते तीन पायऱ्यांत बसवलं एरिक लुडविग यांनी १९७७ मध्ये.

ही झाली वर्षानुवर्षांची गळती. दुसरी महिन्यांची. टायफॉइड उठला की दोन-तीन महिन्यांनी केस जातात, बाळंतपणानंतर जातात, हे घरातल्या बायकांना कायम माहीत होतं. १९६१ मध्ये अल्बर्ट क्लिगमन यांनी त्याला टेलोजन एफ्लुवियम असं नाव दिलं. डोक्यावरचे लाखभर केस एकाच वेळी वाढत नसतात. त्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास वाढीच्या टप्प्यात असतात, उरलेले विश्रांतीत. विश्रांतीतला केस तीनेक महिन्यांनी गळतो आणि तिथे नवा येतो. म्हणून रोज पन्नास-शंभर केस फणीत दिसणं हा आजार नाही. मोठा ताप, मोठी शस्त्रक्रिया, उपासमार यांचा धक्का बसला की वाढीतले बरेच केस एकदम विश्रांतीत ढकलले जातात आणि तीन महिन्यांनी एकदमच गळतात. कोविडच्या दोन लाटांनंतर कितीतरी घरांत न्हाणीघराची जाळी केसांनी तुंबली, ती यामुळेच. ज्यांनी त्या वेळी महागडी तेलं घेतली त्यांचे केस सहा महिन्यांनी परत आले. ज्यांनी नाही घेतली त्यांचेही आले.

तिसरी गळती दिवसांची. इथे केस विश्रांतीत जायला थांबत नाही, वाढता वाढताच मुळाशी तुटतो. कर्करोगाच्या औषधांनी होतं ते हे. थॅलियमसारख्या विषाने होतं तेही हेच. थॅलियमचं उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात मुलांच्या डोक्यावरची बुरशी काढायची म्हणून आधी केस घालवायला थॅलियमचे क्षार औषध म्हणून दिले जात. केस जायचे आणि मात्रा चुकली की मूलही जायचं.

तर शेगावमध्ये तीन दिवसांत, घरंच्या घरं, बायका-पुरुष-मुलं सगळ्यांना टक्कल. यात हॅमिल्टनचं चित्र बसत नाही, क्लिगमनचे तीन महिने बसत नाहीत. चाईसारख्या रोगात शरीराची प्रतिकारशक्तीच केसाच्या मुळावर उठते, पण तो रोग एका गावातल्या पन्नास माणसांना एकाच आठवड्यात होत नाही. बुरशी संसर्गाने पसरते खरी, पण डोक्यावरची बुरशी मुख्यतः मुलांचा रोग आहे आणि ती तीन दिवसांत आख्खं डोकं साफ करत नाही. कागदावर वगळत गेलं की एकच रकाना उरतो: सगळ्यांच्या पोटात गेलेलं काहीतरी.

कागदावर हे सोपं आहे. गावात ते तसं नव्हतं. आरोग्य विभागाची पथकं आली, त्वचारोगतज्ज्ञ आले, डोक्याच्या त्वचेचे तुकडे तपासायला घेतले गेले. सुरुवातीला बुरशीची शंका होती. त्यानंतर सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. आणि ते जाणारच होतं. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पट्टा पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाण पट्टा म्हणून ओळखला जाणारा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या भागात विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार इथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, गोड्या पाण्याचं आश्वासन प्रत्येक निवडणुकीत असतं. नमुने तपासले तेव्हा पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघालेही. पाणी हा आरोपी आधीपासून हजेरीत होता, त्याला नव्याने पकडायची गरज नव्हती.

अडचण इतकीच की पाणी कालही खारट होतं आणि दहा वर्षांपूर्वीही. टक्कल मात्र डिसेंबरात पडलं.

इथे मला अमेरिकेतल्या एका जुन्या गोष्टीकडे वळावंसं वाटतं, कारण ती जवळजवळ हीच आहे. मिसुरी नदीकाठी फोर्ट रँडल नावाचा लष्करी तळ होता. आजच्या साउथ डाकोटा राज्यात तो येतो. १८५६ मध्ये तिथल्या घोडदळाच्या जनावरांना एक रोग झाला. आयाळ आणि शेपटीचे केस गळाले, खुरं सुजून फुटली, काही घोड्यांची गळूनच पडली. तळावरचे डॉक्टर मॅडिसन यांनी हे नोंदवून ठेवलं. पुढे त्या माळरानावर शेतकरी वस्ती करायला आले, त्यांच्या गुरांनाही तेच. लोकांनी आजूबाजूला पाहिलं. पाणी खारट, तळ्यांच्या काठांवर पांढरा क्षार साचलेला. झालं, रोगाचं नाव पडलं ‘अल्कली डिसीज’, म्हणजे क्षाराचा रोग. हे नाव पन्नास वर्षं टिकलं. १९१० च्या दशकात तिथल्या कृषी संशोधन केंद्राने गुरांना मुद्दाम तेच क्षाराचं पाणी पाजून पाहिलं. गुरांना काही झालं नाही. तरीही नाव बदललं नाही, आजही पुस्तकांत ते तसंच आहे.

खरं कारण १९३० च्या दशकात सापडलं. साउथ डाकोटातले रसायनशास्त्रज्ञ कर्ट फ्रँके यांनी त्या भागातलं धान्य उंदरांना घातलं. पाणी साधं, धान्य फक्त तिथलं. उंदीर खंगून मेले. रोग पाण्यात नव्हता, दाण्यात होता. त्याच सुमारास अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत अशा गव्हात सेलेनियम सापडलं. जमिनीखालच्या विशिष्ट खडकांतलं सेलेनियम मातीत येतं, मातीतून रोपात, रोपातून दाण्यात. पाणी खारट आणि माती सेलेनियमची असा योगायोग त्या कोरड्या मुलखात होता. त्यामुळे जे डोळ्यांना दिसत होतं त्याच्यावर आळ आला आणि जे दिसत नव्हतं ते सुटलं.

सेलेनियम हे मूलद्रव्य १८१७ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियसने सल्फ्युरिक ॲसिडच्या कारखान्यातल्या गाळात शोधलं. त्याआधी सापडलेल्या टेल्युरियमला पृथ्वीवरून नाव मिळालं होतं, म्हणून याला चंद्राचं, सेलीनीचं. त्याचा स्वभाव गंधकासारखा आहे आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. केस आणि नखं ज्या केराटिनची बनतात त्याला ताठपणा येतो तो गंधकाच्या जोड्यांमुळे. शरीरात सेलेनियम अति झालं की ते गंधकाच्या जागी जाऊन बसतं आणि सांधा कच्चा राहतो. घोड्याचं खूर, माणसाचं नख, दोघांचे केस, सगळं एकाच मालाचं. मार्को पोलोने चीनच्या वायव्येकडच्या डोंगराळ मुलखातली एक वनस्पती खाल्ल्याने जनावरांची खुरं गळतात असं लिहिलं आहे. अनेक अभ्यासकांच्या मते ती सेलेनियमच्या विषबाधेची सगळ्यात जुनी नोंद असावी. तसं असेल किंवा नसेल, पण वर्णन फोर्ट रँडलच्या वर्णनाशी फार जुळतं.

गंमत म्हणजे हेच सेलेनियम अजिबात नसलं तरी चालत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास लागतं, आणि ४०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये अशी अमेरिकी पोषणतज्ज्ञांनी मर्यादा घातली आहे. चीनमध्ये केशान नावाच्या परगण्यात त्याच्या अभावाने हृदय निकामी होऊन माणसं मरत होती. त्याच देशात, हूपे प्रांतातल्या एन्शीमध्ये, उलटं घडलं. १९६१ ते १९६४ या काळात तिथल्या काही गावांत लोकांचे केस आणि नखं गेली. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या पाच गावांत मिळून २४८ माणसं राहत होती आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना हा त्रास झाला. यांग ग्वांगची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा मूळ निघालं तिथल्या दगडी कोळशात. कोळशातलं सेलेनियम मातीत, मातीतून मक्यात आणि भाजीत. मग त्याच वर्षी का? कारण दुष्काळाने भात बुडाला होता आणि लोक मका-भाजीवर आले होते. हा अभ्यास इंग्रजीत छापून आला १९८३ मध्ये, घटनेनंतर वीस वर्षांनी. तिथे रोजचं पोटात जाणारं सेलेनियम सरासरी पाच मिलिग्रॅमच्या आसपास भरलं होतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता परत शेगावला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं, पथक आलं आणि नमुने घेऊन गेलं. आणि एक डॉक्टर महाडहून स्वतःच्या खर्चाने आले. हिंमतराव बावस्कर. हे नाव विंचवासाठी जगाला माहीत आहे. कोकणात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना त्यांनी लाल विंचू चावलेली माणसं रात्र रात्र बसून पाहिली, मृत्यू हृदय निकामी होऊन येतो हे ओळखलं आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होतं ते एक टक्क्यावर आणलं. ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं काम छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण ते मूळचे आमच्याकडचे. जालना जिल्ह्यातलं देहेड हे त्यांचं गाव. त्यांच्या जन्माच्या वेळी, १९५१ मध्ये, जालना जिल्हाच नव्हता, तो १९८१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा निघाला. गरिबीतून कसे शिकले ते ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मचरित्रात त्यांनी लिहिलंय. ते न वाचलेल्यांनी जरूर वाचावं.

बावस्करांनी गावात जाऊन माणसं पाहिली, घराघरांत काय शिजतं ते पाहिलं आणि रक्त, लघवी, केस यांच्यासोबत रेशनचा गहूही तपासायला ठाण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केले. बाधितांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट. न धुतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम, धुतलेल्यात १३.६१. त्यांनी सामान्य म्हणून दिलेला आकडा आहे १.९. शिवाय बाधितांच्या अंगात जस्त कमी भरलं. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला.

धुतलेल्या आणि न धुतलेल्या गव्हाचे दोन्ही आकडे दिले हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोन्हींत फारसा फरक नाही. म्हणजे दाण्यावर फवारलेलं, पोत्याला लागलेलं, गोदामात सांडलेलं असं हे काही नाही. ते दाण्याच्या आत आहे, म्हणजे ते मातीतून वर आलंय. फ्रँकेच्या उंदरांनी सांगितलेली गोष्ट तीच.

थोडं गणित करून पाहू, हे माझं आहे. शंभर ग्रॅम कणीक म्हणजे तीन-चार पोळ्या. त्यात या हिशेबाने १,४५० मायक्रोग्रॅम सेलेनियम, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेच्या साडेतीन पटींहून जास्त. रानात राबणारा माणूस दिवसाला साडेतीनशे ग्रॅम पीठ सहज खातो. ते झालं पाच मिलिग्रॅम. एन्शीचा आकडाही तोच होता.

बावस्करांचे नमुने मोजके आणि तपासणी एका प्रयोगशाळेतली, हे मान्य करायला हवं. प्रत्येक गावातल्या प्रत्येक दुकानाच्या गव्हाचे आकडे त्यात नाहीत. हाच गहू इतर तालुक्यांत गेला असेल तर तिथे का नाही, हाही प्रश्न रास्त आहे. पण रेशनचा गहू हा एकजिनसी माल नसतो. एका रेकमधली काही पोती एका मंडीतली, काही दुसऱ्या. एका शेतकऱ्याच्या वावरात सेलेनियम असेल आणि मैलावरच्या दुसऱ्याच्या वावरात नसेल.

आणि पंजाबात अशी वावरं आहेत हे कुणाला आजच कळलेलं नाही. नवांशहर आणि होशियारपूर या जिल्ह्यांत शिवालिकच्या डोंगरांतून पुराच्या पाण्याने आणलेल्या मातीत सेलेनियम भरपूर आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ १९८० च्या दशकापासून त्यावर लिहीत आलेत. कुठल्या गावांत, किती, कोणत्या पिकात. तिथल्या म्हशींची खुरं आणि शिंगं, तिथल्या माणसांचे केस आणि नखं यांबद्दलही लिहिलं गेलंय. मात्र ती माहिती मृदाशास्त्राच्या नियतकालिकांत राहिली आणि गहू मालगाडीत बसला.

हा गहू विदर्भ-मराठवाड्याच्या ताटात कसा आला, हा वेगळा इतिहास आहे आणि तो थोडा तरी सांगितलाच पाहिजे. हा सगळा मुलूख ज्वारीचा. पोळी सणाची, भाकरी रोजची. माझ्या आधीच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, बहात्तरच्या दुष्काळाची आठवण निघाली की मिलो निघणारच. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी, घशाखाली न उतरणारी. सोबत सुकडी. त्यानंतर रेशनच्या दुकानाशी नातं कायमचं जुळलं. गहू स्वस्त मिळत गेला, ज्वारीचा पेरा घटत गेला, तिची जागा आधी कपाशीने आणि मग सोयाबीनने घेतली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य हक्काचं झालं, २०२३ पासून ते फुकट मिळू लागलं. मी या योजनेच्या विरोधात नाही. तिने किती चुली पेटत्या ठेवल्या हे डोळ्यांनी पाहिलंय. पण ज्या घरात स्वतःच्या वावरातली ज्वारी, शेजारच्या तालुक्यातली तूर आणि बाजारातला गहू असं मिश्रण होतं, तिथे आता महिनेच्या महिने एकाच पोत्यातलं पीठ मळलं जातं. एन्शीत भात बुडाला आणि लोक मक्यावर आले, तेव्हा झालं ते हेच. जो पैसेवाला आहे त्याच्याकडे चार ठिकाणचं धान्य येतं, त्यामुळे एखादं वाईट निघालं तरी तीन बाकी असतात. शेगावच्या ज्या घरांत केस गेले त्यांच्याकडे ती सोय नव्हती.

या सगळ्यात सर्वांत जास्त सोसलं ते मुलींनी. बातम्यांत आलं की जमलेली लग्नं अडली, पोरी कॉलेजला जायच्या थांबल्या, काहींनी आपणहून सगळं डोकं भादरून घेतलं. पुरुषाच्या टकलावर आपण विनोद करतो. बाईच्या डोक्यावर केस नसणं याला मात्र आपल्या समाजात एकच जुना अर्थ आहे आणि तो विनोदाचा नाही. केशवपन करून विधवेला कोपऱ्यात बसवणारा समाज हा काही फार लांबचा नाही. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत न्हाव्यांची सभा भरवली आणि शेकडो न्हाव्यांनी ठरवलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. सत्यशोधकांच्या चळवळीतलं ते एक फार देखणं पान आहे. शेगावच्या गावांतून १३५ वर्षांनी पुन्हा अशी बातमी आली की न्हावी डोक्याला हात लावायला नकार देताहेत. या वेळी कारण भीती होती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हे एकाचं दुसऱ्याला होत नाही. ‘व्हायरस’ हा शब्द वाहिन्यांनी ज्या हलगर्जीपणाने वापरला त्याची किंमत गावातल्या माणसांनी मोजली. त्वचेच्या डॉक्टरला ‘हा संसर्ग नाही’ हे पहिल्या आठवड्यातच म्हणता आलं असतं, कारण इतकं निदान तर वाग्भटाच्या वेगाच्या कसोटीवरही करता येत होतं. पण पत्रकार परिषदांत पाण्याचे नमुने, बुरशीचे नमुने, मोठ्या संस्थांची पथकं यांचीच चर्चा होत राहिली.

सेलेनियमने एकाच वेळी शेकड्यांनी केस गेल्याचं अमेरिकेत २००८ मध्येही घडलं होतं. ते मात्र श्रीमंतांचं दुखणं. ताकदीचं म्हणून विकलेल्या एका द्रवरूप पूरक आहारात बनवतानाच्या चुकीने सेलेनियम लेबलवरच्या मात्रेच्या २०० पट पडलं. दहा राज्यांत मिळून २०१ जण सापडले. त्यांच्याकडे बाटली होती, बाटलीवर बॅच नंबर होता, त्यामुळे माग लगेच लागला. रेशनच्या पिठाला बॅच नंबर नसतो. दळून आणलेलं पीठ डब्यात जातं, मागच्या महिन्याचं पीठ या महिन्याच्या पिठात मिसळतं आणि डोक्यावरचे केस गेले तेव्हा ते पोतं कधीच रिकामं होऊन दारात पायपुसणं झालेलं असतं. सरकारी खरेदीच्या वेळी गव्हाचा ओलावा पाहतात, काडीकचरा पाहतात, किडलेले, काळे पडलेले, आकसलेले दाणे मोजतात. दाण्याच्या आत काय आहे ते या यादीत येत नाही.

पुढे काय झालं? अनेकांचे केस काही आठवड्यांत परत यायला लागले. सेलेनियमच्या बाबतीत तसंच अपेक्षित असतं: खाणं थांबलं की मूळ शाबूत असतं, केस उगवतो. बातम्याही विरळ झाल्या. मग एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातून दुसरी बातमी आली. केस गेलेल्यांपैकी काहींची नखं पांढरी पडून, तडकून गळायला लागली होती. पुन्हा तोच गलका, नवा रोग आला म्हणून.

रोग नवा नव्हता. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, नख जेमतेम तीन मिलिमीटर. डिसेंबरात नखाच्या मुळाशी जो कच्चा भाग तयार झाला, तो बोटाच्या टोकाकडे सरकून दिसायला लागायला तेवढेच महिने लागतात. फोर्ट रँडलच्या डॉक्टर मॅडिसननी शेपटीच्या केसांसोबत खुरंही लिहून ठेवली होती.